फाईलमध्ये नसलेला रकाना

प्रिय वहिनी,

छापायला देण्याआधी हे पत्र मी तुला वाचून दाखवलं. तू मेथी निवडत ऐकत होतीस. संपल्यावर म्हणालीस, "नाव नको घालूस, बाकी काही गाळू नकोस." दादा दारात उभा होता. तो म्हणाला, "माझ्या रिपोर्टचंही लिही." तुम्हा दोघांच्या या दोन वाक्यांच्या जोरावर लिहिते आहे. चारकोपच्या आपल्या घरात गेली चार वर्षं जे चाललं, ते कांदिवलीत, मालाडला, डोंबिवलीत कितीतरी घरांत आज चालू असेल. तिथल्या नणंदांनी, सासवांनी, नवऱ्यांनी वाचावं म्हणून पत्र उघडं ठेवलं आहे. माफी मात्र तुझ्या एकटीची मागायची आहे.

मला पहिल्यांदा कळलं ते फ्रिजमुळे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आले होते. कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला, तर दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात इंजेक्शनांचे खोके ओळीनं लावलेले. तू मागून आलीस आणि हलकेच म्हणालीस, "राहू दे ते, थंडच ठेवावं लागतं." बरोबर साडेआठला बाहेर बायका जमायला लागल्या आणि तू आतल्या खोलीत गेलीस. मी मागोमाग गेले. तू पलंगाच्या कडेला बसलीस, निऱ्या थोड्या सैल केल्यास, बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरलीस आणि सुई टोचून घेतलीस. डाव्या बाजूला कालचे, परवाचे हिरवे-निळे डाग होते, म्हणून आज उजवी बाजू. कापसाचा बोळा दाबलास, दहापर्यंत आकडे मोजलेस, पदर सारखा केलास आणि तिळगुळाचं ताट घेऊन हसत बाहेर गेलीस. "वेळ चुकवून चालत नाही," एवढंच मला म्हणालीस. बाहेर कुणीतरी विचारलंच, "काय मग, काही विशेष?" तू त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवलास.

त्या रात्री मी तुझ्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची निळी फाईल पाहिली. एवढी जाड फाईल आपल्या घरात कुणाच्या हार्टच्या ऑपरेशनचीही नव्हती. किती बारीक नोंदी होत्या त्यात! अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय त्याची रक्ततपासणी. पाळीच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी. नवव्या दिवशी उजवीकडची बीजाची पिशवी किती मिलिमीटर, डावीकडची किती. गर्भाशयाचं अस्तर किती जाड. शेवटच्या इंजेक्शनची वेळ तर मिनिटासकट लिहिलेली, कारण त्यानंतर साधारण पस्तीस तासांनी भूल देऊन बीजं काढायची असतात. मिलिमीटर आणि मिनिटं सांभाळणारी ती फाईल. पण तू पहाटे तीनला उठून गॅलरीत बसतेस, ताटातला भात तसाच परत पातेल्यात जातो, आवडीच्या मालिकेपुढेही तुझी नजर भिंतीवर असते, हे लिहायला त्या फाईलमध्ये रकानाच नव्हता. आणि फाईलमध्ये नव्हता म्हणून आम्हीही तो आमच्या मनात आखला नाही.

उपचाराच्या पहिल्या खेपेचा, म्हणजे पहिल्या सायकलचा निकाल आला तो दिवस तू मला कितीतरी महिन्यांनी सांगितलास. गर्भ आत सोडल्यानंतर दोन आठवडे तू जिने मोजून चढत होतीस, बादली उचलत नव्हतीस, शिंक आली तरी पोट धरत होतीस. मग रक्त देऊन ऑफिसला गेलीस. संध्याकाळी मेट्रोनं परतताना वळनई आणि डहाणूकरवाडीच्या मधे मोबाईल वाजला. रिपोर्टमध्ये एकच आकडा होता, पाचाच्या आतला. म्हणजे गर्भ रुजला नव्हता. डहाणूकरवाडीला उतरलीस, जिन्याखाली भाजी घेतलीस, घरी येऊन कुकर लावलास. आईनं विचारलं, "आज उशीर?" तू म्हणालीस, "गर्दी होती."

आणि मी? दादाकडून कळल्यावर मी फोन केला आणि म्हटलं, "वहिनी, तू फार टेन्शन घेतेस. टेन्शन घेतलं की होत नाही. सोडून दे, आपोआप होईल."

माफी याच वाक्याची मागायची आहे. ते मी प्रेमानं बोलले होते, म्हणूनच ते जास्त खोल गेलं. तोवर तुझं दुःख तुझं होतं. माझ्या वाक्यानं ते तुझा गुन्हा ठरलं. मूल होत नाही म्हणून तू रडतेस, आणि रडतेस म्हणून मूल होत नाही, असा फासच मी तुझ्या गळ्यात अडकवला. त्यानंतर तू माझ्यापुढे रडणं बंद केलंस. मला वाटलं, वहिनी सावरली.

पुढे तू नैराश्यानं आजारी पडल्यावर मी वाचायला लागले, आणि कळलं की माझं वाक्य खोटंही होतं. इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठ आहे. तिथल्या जॅकी बॉइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष मांडला. ३५८३ स्त्रिया होत्या त्यांत. उपचाराआधी ज्या जास्त चिंतेत, जास्त उदास होत्या, त्यांना त्या सायकलमध्ये दिवस राहण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली नाही. तुझ्या रडण्यानं काही बिघडलं नव्हतं, वहिनी. मेट्रोतल्या त्या आकड्याला तुझी चिंता जबाबदार नव्हती. पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका खेपेला यश येण्याची शक्यता साधारण तीनात एक असते आणि वय वाढतं तशी ती उतरत जाते. बऱ्याचदा गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो आणि तो पुढे वाढू शकत नाही. त्यावर ना तुझ्या मनाचा ताबा, ना आईच्या उपासांचा.

उलट बाजूनं पाहिलं तर मात्र नातं खरं आहे. तुझ्या मनामुळे उपचार फसला नाही, पण उपचारांनी तुझं मन नक्कीच पोखरलं. आधी अंडाशयाचं काम दाबून ठेवणारी इंजेक्शनं, त्यांनी अंगातून निघणाऱ्या वाफा आणि चिडचिड. मग बीजं वाढवताना एकाएकी चढलेली संप्रेरकं. मग कमरेत टोचलेलं प्रोजेस्टेरॉन, ज्याच्या गाठींवर तू गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायचीस. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की सगळं एका दिवसात बंद. शरीराला असा झोका देऊन वर आशा-निराशेचा दुसरा झोका. अमेरिकेतल्या डॉ. अॅलिस डोमार यांनी १९९३ मध्ये वंध्यत्वाच्या रुग्ण स्त्रियांची तुलना इतर आजारांच्या रुग्णांशी केली. या स्त्रियांची उदासी आणि चिंता कॅन्सरच्या किंवा हृदयविकारातून सावरणाऱ्या रुग्णांएवढी निघाली. कॅन्सरच्या रुग्णाला आपण भेटायला जातो, डबा नेतो. तुला आम्ही "काही विशेष?" विचारत होतो.

आता दादाच्या रिपोर्टचं लिहिते. त्याच्या शुक्रजंतूंची संख्या कमी होती. हे पहिल्या महिन्यात कळलं होतं. तरी तीन वर्षं आपल्या घरात, तुझ्या माहेरी, सोसायटीत सगळ्यांचा समज एकच, की दोष तुझ्यात आहे. तू तो समज मोडला नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "त्याला चार लोकांत मान खाली घालायला नको." जिथे मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारण पूर्ण किंवा अर्धं पुरुषाकडे असतं. पण उपचार बघ कसा आहे. शुक्रजंतू कमी असले तर एकच निवडून तो सुईनं बीजात सोडतात, त्याला इक्सी म्हणतात. त्यासाठी बीजं लागतात, बीजांसाठी इंजेक्शनं लागतात आणि ती तुझ्याच पोटात. उणीव त्याची, सुया तुला, आणि शब्द ऐकायचे तेही तू. हे सगळं एका बाईच्या अंगावर टाकून आम्ही तिला म्हणत होतो, मन शांत ठेव.

दादाला यासाठी मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की हे बोलता येतं. पण आपल्याच मातीत शिकवणारे होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना मूल झालं नाही. दुसरं लग्न करावं असा आग्रह जोतीरावांना झाला आणि त्यांनी तो साफ धुडकावला. पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत त्याचं नाव. तो डॉक्टर झाला. दत्तक घे असं सुचवायला मी हे सांगत नाही. तो निर्णय तुमचा, तुमच्या वेळेनं होईल किंवा होणार नाही. मला त्यातला नवरा दाखवायचा आहे. लोकांची बोटं बायकोकडे वळली तेव्हा तो पुढे होऊन उभा राहिला. गेल्या वर्षी गणपतीत काकूंनी तुला टोकलं आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, माझ्यात कमी आहे, तिला विचारू नका," तेव्हा बाप्पासमोरच्या समईचा तडतडण्याचा आवाज ऐकू येत होता एवढी शांतता झाली. तू आत जाऊन रडलीस. ते रडणं हलकं होण्याचं होतं, हे मला आता ओळखता येतं.

आणि माझ्या मुलीचं बारसं. त्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. तू तिच्यासाठी दुपट्यावर पोपट विणले होतेस. पाळण्यापाशी आलीस तेव्हा एक बाई माझ्या कानात म्हणाल्या, "हिला पाळण्यात घालायला देऊ नकोस हो." मी "का?" असं विचारायला हवं होतं. बाळ उचलून तुझ्या हातात द्यायला हवं होतं. मी ओली बाळंतीण होते, दमले होते, ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. खरं एवढंच, की मी गप्प राहिले आणि तू ऐकलंस. जेवायला न थांबता तू निघून गेलीस. 'वांझ' हा शब्द आता कुणी तोंडावर उच्चारत नाही, म्हणून आपण स्वतःला सुधारलेले समजतो. तो शब्द न उच्चारताही बाईच्या अंगावर फेकता येतो, हे त्या दिवशी माझ्या घरात घडलं.

दुसरी सायकल फेल गेली त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. तू ऑफिसला दांड्या मारायला लागलीस. गॅलरीतली जास्वंद भर पावसात आत ओढलेली तशीच राहिली आणि सुकली. केसांना तेल नाही, फोनला उत्तर नाही. आई म्हणायची, आळशी झालीय. एका रात्री मी मुक्कामाला होते. दिवा मालवल्यावर तू छताकडे बघत म्हणालीस, "रात्री झोपताना वाटतं, सकाळी जागच येऊ नये."

मी त्या वेळी कुठलाही उपदेश केला नाही, ही माझ्या हातून घडलेली एक बरी गोष्ट. मी तुझा हात धरला आणि विचारलं, "वहिनी, जीव द्यावा असं वाटतं का?" असं थेट विचारलं की माणसाच्या डोक्यात तो विचार भरतो, अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते. तू बराच वेळ गप्प होतीस, मग म्हणालीस, "कधी कधी." त्या रात्री मी झोपले नाही, तुलाही एकटं सोडलं नाही, आणि सकाळी दादाला उठवून सांगितलं, "आज सोनोग्राफीचा डॉक्टर नको, मनाचा डॉक्टर."

ती डॉक्टर बाई आठवते? तिनं निळी फाईल बाजूला ठेवली. उघडलीही नाही. पहिला प्रश्न विचारला, "झोप लागते का?" आणि तू ओंजळीत तोंड धरून रडलीस. इतक्या वर्षांत किती डॉक्टर, किती नर्सा, किती नातेवाईक झाले, आणि हा प्रश्न तुला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

मग तिनं नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटला नाही असं किती दिवस झालं? झोप, भूक, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मन न लागणं, आणि शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त झाले की लक्ष द्यायला हवं. तुझे एकोणीस होते. निगेटिव्ह रिपोर्ट आल्यावर चार दिवस रडणं हे दुःख आहे, त्याला औषध लागत नाही, खांदा लागतो. पण दोन आठवडे, रोज, दिवसाचा बहुतेक वेळ तेच मळभ राहिलं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. पाच मिनिटांत भरून होणारा तो कागद पहिल्या दिवशीच तुझ्या निळ्या फाईलमध्ये का नव्हता, हा माझा प्रश्न आहे.

कायद्यात निदान समुपदेशनाची सोय आहे. देशात २०२१ मध्ये सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा झाला. जोडप्याला उपचाराचे परिणाम, यशाची शक्यता, खर्च, धोके हे सगळं व्यावसायिक समुपदेशनातून समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. तुम्हाला मिळालेलं समुपदेशन म्हणजे पॅकेजचा तक्ता पुढे सरकवणारी एक गोड मुलगी, हप्त्यांची माहिती आणि सोळा ठिकाणी सह्या. एका सायकलला दीड-दोन लाख भरणाऱ्या माणसाला "तुमची झोप कशी आहे" एवढं विचारायला वेगळा पैसा पडत नाही.

या विद्येबद्दल माझ्या मनात आदर आहे, वहिनी. ती आपल्याच शहरात वाढली. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचं ते काम. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हेच साधलं होतं. पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, त्यांची चौकशी लावली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागाहून आनंद कुमार यांनीच त्यांची टिपणं तपासली आणि पहिलेपणाचा मान त्यांना दिला. या उपचाराच्या भारतातल्या पहिल्याच पानावर एका एकट्या पडलेल्या माणसाचं मरण लिहिलेलं आहे. तेव्हापासून यंत्रं सुधारली, सुया बारीक झाल्या, गर्भ गोठवून ठेवता येऊ लागले. माणूस एकटा पडतो ते मात्र अजून तिथेच आहे.

तुझ्या गोळ्या चालू होऊन आता दहा महिने झाले. दर गुरुवारी तू बोलायला जातेस. गोळी लागू व्हायला काही आठवडे लागले. मधेच तू ती बंद करायला निघाली होतीस, "पुढे दिवस राहिले तर?" म्हणून. डॉक्टरांनी समजावलं, की गर्भारपणाचा विचार करूनही देता येतील अशी औषधं आहेत, पण ती आपल्या मनानं सोडायची नाहीत, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्यायचं. तिसरी सायकल करायची की नाही हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. या पत्रात म्हणूनच गोड बातमी नाही. वाचणारे शेवटी ती शोधतील, कारण बाई बरी झाली याची खूण म्हणजे तिची कूस उजवणं, असं आपल्याला वाटत आलं आहे. तू बरी होते आहेस याची माझी खूण वेगळी आहे. गेल्या महिन्यात तू नवीन जास्वंद आणलीस.

आणि एक सांगते. मन बरं झालं की मूल होईल, असं मी तुला आता कधीच म्हणणार नाही. मूल व्हावं म्हणून तुझं मन दुरुस्त करायचं नाही. तू या घरात आधीपासून आहेस, तेवढं कारण पुरे आहे.

हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या घरांना एक विनंती करते. तुमच्या फ्रिजमध्ये असे खोके असतील तर त्या बाईला बातमी विचारू नका. कुणी विचारलं तर नवऱ्यानं उत्तर द्यावं. सोनोग्राफीला आलटून पालटून कुणीतरी सोबत जा. बारशाचं, डोहाळजेवणाचं बोलावणं द्या, पण ती आली नाही तर कारण मागू नका, आणि आली तर बाळ तिच्या हातात द्या. ती मरणाबद्दल बोलली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जवळ कुणी नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांनो, तुमच्या फाईलमध्ये मिलिमीटरच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा.

रविवारी मी येते आहे, लेकीला घेऊन. दुपट्यावरच्या पोपटांना ती आता 'मामीचे पोपट' म्हणते. आल्या आल्या मी तुला एकच विचारीन: झोप लागली का? आणि तू "नाही" म्हणालीस तर शेजारी बसून राहीन.

तुझी,
धाकटी नणंद